प्रवासासाठी हँडहेल्ड गेमिंग कन्सोल निवडताना: पायरी-पायरीने मार्गदर्शन

प्रवासातला मोकळा वेळ तुकड्या-तुकड्यांनी मिळतो. विमानतळावर चाळीस मिनिटं नुसतं बसून काढावी लागतात आणि मग एकदम रांग हलते. गाडीत खेळ ऐन रंगात आलेला असतो, तेवढ्यात शेजारचा उठतो आणि आपल्याला पाय आत घ्यावे लागतात. घरी सोफ्यावर बसून खेळण्यापेक्षा हे सगळं फार निराळं आहे. तरी कन्सोल घेताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सोफाच असतो. प्रोसेसर कुठला, फ्रेम किती मिळतात, स्क्रीन किती हर्ट्झची, यावरच सगळी चर्चा अडकते.

मी कामानिमित्त बराच काळ फिरतीवर असते आणि आतापर्यंत चार निरनिराळे हँडहेल्ड वापरून झालेत. त्यावरून माझं मत पक्कं झालंय. प्रवासाचा कन्सोल निवडताना तो किती पटकन थांबतो आणि पुन्हा सुरू होतो हे सगळ्यात आधी बघा. त्यानंतर नेटशिवाय किती चालतो ते, मग बॅटरी आणि वजन. ताकदीचा विचार सगळ्यात शेवटी करा.

पायरी १: आधी स्वतःचा प्रवास लिहून काढा

एक कागद घ्या आणि मागचे तीन प्रवास आठवा. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: एका जागी सलग बसून राहिलात असा सगळ्यात मोठा काळ किती होता, त्या वेळी चार्जिंगची सोय होती का, नेट होतं का, आणि कोपर टेकवायला जागा होती का.

या चार उत्तरांत अर्धी निवड होऊन जाते. रोज तासभर ये-जा करणाऱ्याला खिशात किंवा छोट्या पिशवीत मावणारं यंत्र हवं, कारण पाऊण किलोचं धूड रोज खांद्यावर वागवण्याचा उत्साह आठवड्याभरात संपतो. लांबच्या विमानप्रवासाला जाणाऱ्याला बॅटरी आणि हेडफोनची सोय महत्त्वाची. ज्यांचा खरा खेळ रात्री मुक्कामाच्या खोलीत होतो, त्यांना वजन आणि बॅटरी दोन्हीत सवलत आहे, कारण तिथे भिंतीत प्लग असतो. असे लोक मोठ्या स्क्रीनचा, ताकदवान हँडहेल्ड खुशाल घेऊ शकतात.

पाचवा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण तो विचाराच: चालत्या गाडीत तुम्हाला मळमळतं का? डोळे सांगतात की समोरचं चित्र स्थिर आहे आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की शरीर हलतंय. या विसंगतीतून गाडी लागते. गेममध्ये कॅमेराही गरागरा फिरत असेल तर त्रास दुप्पट होतो. मोबाइलवर वाचतानाही ज्यांना गाडी लागते, त्यांनी रस्त्याच्या प्रवासासाठी आपापल्या चालीने खेळायचे, कोड्यांचे किंवा पत्त्यांचे गेमच धरून चालावं. अशा गेमना मोठी ताकद लागतच नाही, त्यामुळे यंत्रही छोटं आणि हलकं चालतं.

पायरी २: कुळं ओळखा

बाजारात नावं पुष्कळ आहेत, पण प्रवासाच्या दृष्टीने पाहिलं तर चार कुळं.

पहिलं निन्टेंडो स्विचचं. मूळ स्विच मार्च २०१७ मध्ये आला, लहान आणि कंट्रोलर न सुटणारा स्विच लाइट सप्टेंबर २०१९ मध्ये, ७ इंची ओलेड स्क्रीनचा स्विच ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि स्विच २ जून २०२५ मध्ये. लाइटचं वजन २७५ ग्रॅम, ओलेडचं जॉय-कॉनसकट (म्हणजे बाजूच्या सुट्या कंट्रोलरसकट) सुमारे ४२० आणि स्विच २चं सुमारे ५३४. हे आकडे लक्षात असू द्या, पुढे लागतील. या कुळाचं मोठं बळ म्हणजे गेम याच यंत्रासाठी बसवलेले असतात. अक्षरं वाचता येतील एवढी असतात, सेटिंगमध्ये डोकं घालावं लागत नाही आणि कार्ड घातलं की खेळ सुरू. लाइट टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याला स्टँडही नाही, पण एकट्याने फिरणाऱ्याचं त्यावाचून फारसं अडत नाही.

दुसरं कुळ हातातल्या पीसीचं. स्टीम डेक, आरओजी अ‍ॅलाय, लिजन गो हे सगळे यात येतात. संगणकावरचे गेम यांवर चालतात, म्हणजे तुमच्याकडे आधीपासून स्टीमवर (संगणकाचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून) घेतलेल्या गेमचा साठा असेल तर नवे विकत घ्यायला नकोत. पण या कुळात दोन शाखा आहेत आणि प्रवाशाने त्यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. एक शाखा स्टीमओएसवर चालते, दुसरी विंडोजवर. स्टीमओएस लिनक्सवर आधारलेली आहे आणि विंडोजसाठी बनलेले गेम ती प्रोटॉन नावाच्या थरातून चालवते. स्टीमवर बऱ्याच गेमपुढे तो स्टीम डेकवर पूर्ण चालतो, थोड्या तडजोडीने चालतो, की चालत नाही याची खूण दिलेली असते. विंडोजवर जवळपास सगळंच चालतं, पण ती व्यवस्था मुळात माउस आणि कीबोर्डसाठी घडलेली आहे, आणि अपडेटची खिडकी नेमकी नको तेव्हा उघडते. मे २०२५ पासून लिजन गो एस हा स्टीमओएस घालून मिळू लागला, त्यामुळे ती व्यवस्था आता फक्त डेकपुरती राहिलेली नाही.

तिसरं कुळ जुन्या गेमसाठीच्या छोट्या यंत्रांचं. मियू मिनी प्लस, अँबरनिकची आरजी मालिका, अँड्रॉइडवर चालणारे रेट्रॉइड पॉकेट. साडेतीन ते साडेपाच इंचांची स्क्रीन, शर्टाच्या किंवा जॅकेटच्या खिशात मावणारा आकार. एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. यांपैकी काही यंत्रं हजारो गेम भरलेल्या कार्डासकट विकली जातात आणि ते गेम बहुतेक वेळा परवानगीशिवाय कॉपी केलेले असतात. स्वतः विकत घेतलेले गेम, किंवा निर्मात्याने मोफत दिलेले गेम घालून वापरा. गेम बॉयची जुनी कार्ट्रिज जपून ठेवली असतील, तर ती थेट आत घालून खेळता येणारा अ‍ॅनालॉग पॉकेटही आहे. तो २०२१ मध्ये आला आणि त्याची १६०० बाय १४४० बिंदूंची छोटी स्क्रीन पाहताना डोळे सुखावतात.

चौथं कुळ स्ट्रीमिंगचं. प्लेस्टेशन पोर्टल याचं ठळक उदाहरण: ८ इंची सुरेख स्क्रीन, हातात उत्तम बसणारी पकड, पण गेम यंत्रावर चालतच नाही. तो घरच्या पीएस५ वरून किंवा क्लाउडवरून वाय-फायने येतो. मुक्कामाच्या ठिकाणी भरवशाचं नेट असलं तर मजा, नसलं तर हातात नुसती काच. प्रवासासाठीचं एकमेव यंत्र म्हणून हे कुळ मी कुणालाच सुचवणार नाही.

पायरी ३: झोप आणि जाग तपासा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन.

माझा दुसरा हँडहेल्ड विंडोजवर चालणारा होता. खेळता खेळता उतरायचं ठिकाण आलं, मी पॉवरचं बटण दाबलं, स्क्रीन काळी झाली आणि यंत्र केसमध्ये घालून बॅगेत टाकलं. दोन तासांनी बॅग उघडली तेव्हा केसचं कापड बाहेरूनच कोमट लागत होतं. चेन उघडल्यावर आतून गरम वाफारा आला. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता आणि बॅटरी चार टक्क्यांवर आली होती. बंद केसमध्ये ते यंत्र केव्हातरी आपणहून जागं झालं होतं आणि गेम चालू राहिला होता. पुढचे पाच तास मी खिडकीबाहेर बघत काढले.

विंडोजमधली आधुनिक झोप ही पूर्ण झोप नसते. अपडेट, सूचना, नेटची जोडणी यांसाठी यंत्र अधूनमधून जागं होऊ शकतं. उपाय आहे: पॉवरच्या बटणाला स्लीपऐवजी हायबरनेट जोडून द्यायचं. मग चालू गेमची स्थिती साठवणीत लिहिली जाते आणि यंत्र खरोखर बंद होतं. परत सुरू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतात, पण बॅगेत घातल्यावर जिवाला घोर राहत नाही. विंडोजचा हँडहेल्ड घेणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करा.

स्विचमध्ये हा प्रश्न नाही. बटण दाबा, झोपला. पुन्हा दाबा, पात्र हवेत उडी मारताना जिथे होतं तिथेच लटकलेलं. स्टीम डेकही असाच वागतो, फक्त जड गेम परत यायला काही सेकंद घेतो. रात्रभर झोपवून ठेवला तर थोडी बॅटरी खातो, तेवढं धरून चाला.

खरेदीआधी यंत्र हातात घेण्याची संधी मिळाली तर ही परीक्षा घ्या. एखादा गेम सुरू करून मधेच बटण दाबा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा दाबा. किती सेकंदांत खेळ हातात येतो ते मोजा. पाच सेकंदांच्या आत आला तर ते यंत्र प्रवासाला लायक आहे.

पायरी ४: बॅटरीचं गणित वॉट-अवरमध्ये करा

हातातल्या खेळांचा इतिहास बॅटरीनेच लिहिला आहे. निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी रेल्वेत एका कंटाळलेल्या प्रवाशाला कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेलं पाहिलं आणि त्यातून १९८० च्या गेम अँड वॉचची कल्पना निघाली, असं सांगितलं जातं. पुढे १९८९ मध्ये गेम बॉय आला. हिरवट राखाडी स्क्रीन, मागे उजेड नाही, रंग नाहीत. वर्षभराने सेगाचा गेम गिअर आला, रंगीत आणि उजळ. पण त्याला सहा सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त टिकायचा. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११ कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली. गेम गिअर त्याच्या जवळपासही पोहोचला नाही. त्यामागे कारणं अनेक होती, पण संपलेल्या सेलचा वाटा त्यात मोठा होता.

आज सेल गेले, गणित तेच राहिलं. खोक्यावरचा एमएएचचा आकडा फसवा असतो, कारण व्होल्टेज वेगळं असलं की तुलना कोलमडते. वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण ऊर्जा किती मावते तो आकडा, बघा. स्टीम डेकच्या ओलेड मॉडेलमध्ये ५० वॉट-अवर आहेत, मूळ एलसीडी मॉडेलमध्ये ४०, आरओजी अ‍ॅलाय एक्समध्ये ८०. आता भागाकार करा. जड त्रिमितीय गेम खेळताना डेक सगळं मिळून २० ते २५ वॉट खेचतो, म्हणजे दोन-अडीच तास. साधा द्विमितीय गेम सात-आठ वॉटवर भागतो, म्हणजे सहा तासांच्या पुढे. एकाच यंत्राबद्दल एकजण ‘दोन तासही टिकत नाही’ म्हणतो आणि दुसरा ‘अख्खा प्रवास निघाला’ म्हणतो, ते यामुळेच. निर्माते देतात ते आकडेही असेच ताणलेले असतात: डेक ओलेडला ३ ते १२ तास, स्विच २ला साधारण २ ते साडेसहा तास. खालचा आकडा खरा धरा. वरचा मिळाला तर आनंद.

जुना स्विच वापरलेला घेत असाल तर मागचा मॉडेल क्रमांक वाचा. २०१७ चा एचएसी-००१ अडीच ते साडेसहा तास चालायचा. २०१९ मध्ये सुधारून आलेला एचएसी-००१(-०१) साडेचार ते नऊ तास चालतो. दिसायला दोन्ही हुबेहूब सारखे. त्यातही इतक्या वर्षांत बॅटरी थकलेली असणार, तेव्हा विकणाऱ्यासमोर वीस मिनिटं खेळून टक्के किती उतरतात ते पाहाच.

हातातल्या पीसीवर बॅटरी वाढवायचा एक सोपा मार्ग आहे. दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची (चित्रांची) मर्यादा ६० वरून ४० वर आणा. ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत येते, ३० ला ३३.३ मध्ये आणि ४० ला २५ मध्ये, म्हणजे वेळेच्या हिशेबात बरोबर मध्यावर. डोळ्याला खेळ गुळगुळीत वाटतो आणि यंत्राचं काम तिसऱ्या हिश्शाने कमी होतं. मात्र स्क्रीनचा रिफ्रेश दर (ती सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो हर्ट्झचा आकडा) ४० च्या पटीत, म्हणजे ४०, ८० किंवा १२० वर बसायला हवा, नाहीतर चित्र अडखळतं. शिवाय स्क्रीनचा उजेड कमी करा आणि प्रोसेसरला देण्याच्या वॉटवर मर्यादा घाला. लहान गेमला ८ वॉट भरपूर होतात.

पायरी ५: पॉवर बँक आणि विमानाचे नियम

पॉवर बँकवर वॉट-अवर छापलेले नसतील तर एमएएचला ३.७ ने गुणून हजाराने भागा. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर, २०,००० म्हणजे ७४, आणि २७,००० म्हणजे ९९.९. हा शेवटचा आकडा असा काठावर का, ते आता सांगते. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्याच्या वरची प्रवासी सामानात चालत नाही. पॉवर बँक ही सुटी बॅटरी मानली जाते, ती केबिनमधल्या बॅगेतच हवी. चेक-इन सामानात टाकलीत तर काढून घेतली जाण्याची शक्यता मोठी. कन्सोलही हातातच ठेवा. नाइलाजाने खालच्या सामानात द्यायचाच झाला तर पूर्ण बंद करून द्या. झोपवलेला नको.

आणखी एक बदल झालाय. २०२५ पासून काही विमान कंपन्यांनी उड्डाणात पॉवर बँक वापरायलाच मनाई केली आहे. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून, एमिरेट्सने १ ऑक्टोबरपासून. सोबत नेता येते, पण त्यावरून काही चार्ज करता येत नाही. म्हणून ‘बॅटरी कमी असली तरी पॉवर बँक आहे ना’ हा हिशेब विमानापुरता सोडून द्या आणि निघण्याआधी आपल्या कंपनीचा नियम वाचा.

आसनापाशी यूएसबी असतं, पण जुन्या चौकोनी पोर्टमधून जेमतेम काही वॉट मिळतात. १५ वॉट खाणाऱ्या यंत्राला त्याने फक्त उतरण्याचा वेग कमी होतो. झोपलेल्या यंत्राला मात्र तेवढं पुरतं, म्हणून जेवताना आणि डुलकी काढताना लावून ठेवा.

पॉवर बँक घेताना पॉवर डिलिव्हरीचे (यूएसबी-सीवरून जास्त ताकदीने चार्ज करण्याच्या पद्धतीचे) वॉट पाहा. डेकचा स्वतःचा चार्जर ४५ वॉटचा आहे, अ‍ॅलायचा ६५ चा. पॉवर बँक १८-२० वॉटचीच असेल तर जड गेम खेळताना चार्जिंग वर सरकणारच नाही. शिवाय ७४ वॉट-अवरची पॉवर बँक ७४ देत नाही. रूपांतरात बरंच गळतं, हाती पन्नासच्या आसपास लागतात. म्हणजे डेक ओलेडचं एक पूर्ण चार्जिंग. केबलही त्या ताकदीची हवी आणि तिचं टोक काटकोनात वळलेलं असेल तर मांडीवर ठेवून खेळताना पोर्टवर ताण येत नाही.

पायरी ६: नेट नाही असं समजून तयारी करा

विकत घेतलेला, डाउनलोड केलेला गेम नेटशिवाय चालेलच असं नाही. मला हे ढगांच्या वर कळलं. आदल्या रात्री ९० जीबी उतरवून घेतले होते, गेम उघडला, बोधचिन्ह आलं आणि मग संदेश: परवाना तपासण्यासाठी नेटला जोडा. गेम एकट्याने खेळायचा होता, नेटशी त्याचा काही संबंध नव्हता, तरी पहिल्यांदा उघडताना एकदा विचारणं त्याला भाग होतं.

स्टीमवर प्रत्येक गेम घरी एकदा उघडून मुख्य मेनूच्या पुढे, प्रत्यक्ष खेळापर्यंत जा. मग स्टीम ऑफलाइन मोडमध्ये टाकून पुन्हा उघडा. स्विचवर डाउनलोड केलेल्या गेमचं आभासी कार्ड (व्हर्च्युअल गेम कार्ड) ज्या यंत्रात घातलेलं असेल, त्यावर तो नेटशिवाय चालतो. एका घरात दोन स्विच असतील तर प्रवासाला कुठला जातोय ते आधी बघा. कार्डावरचे गेम या कटकटीतून बहुतांशी सुटलेले असतात, पण स्विच २ सोबत गेम-की कार्ड आली आहेत. त्यांत गेम नसतोच, फक्त किल्ली असते. आधी पूर्ण गेम डाउनलोड करावा लागतो आणि नंतर खेळतानाही कार्ड आत असावं लागतं. खोक्यावर तशी सूचना छापलेली असते, ती वाचून घ्या.

मासिक वर्गणीतले गेम घेऊन निघणार असाल तर त्या सेवेत ऑफलाइन वापरासाठी यंत्र नेमून देण्याची सोय कुठे आहे ते शोधा. आणि क्लाउडवरचं सेव्ह, म्हणजे खेळाची साठवलेली प्रगती, उतरलंय याची खात्री करा. घरच्या संगणकावर चाळीस तास खेळलेला गेम हँडहेल्डवर पहिल्या अध्यायापासून सुरू झाला की फार हिरमोड होतो.

पायरी ७: हातात धरा, मग ठरवा

स्विचच्या वजनाचे आकडे वर दिलेत. डेक ओलेड ६४० ग्रॅम, अ‍ॅलाय एक्स ६७८, आणि पहिला लिजन गो त्याच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरसकट ८५४. कागदावर फरक किरकोळ दिसतो. घरी पाऊण किलोचं पुस्तक दोन्ही हातांनी, कोपर न टेकवता, वीस मिनिटं छातीसमोर धरून बघा. मनगटं लगेच बोलतात. कोपर टेकवायला आडवं हँडल मिळालं तर ६५० ग्रॅम चालतात. उभ्याने किंवा अरुंद आसनात खेळायचं असेल तर ४५० च्या वर जाऊ नका.

मोठी पकड जड यंत्राला हलकं भासवते, हेही खरं. डेक रुंद आहे, जवळपास ३० सेंटिमीटर, पण त्याचे कोपरे तळहातात बसतात. सपाट, पातळ यंत्र हलकं असूनही तासाभरात बोटं आखडवतं.

स्क्रीनच्या बाबतीत इंचांपेक्षा दोन गोष्टी बघा. एक, खिडकीच्या उजेडात काय दिसतं. ओलेडचा काळा रंग रात्री अप्रतिम, पण चकचकीत काचेवर दुपारी स्वतःचा चेहरा दिसतो. डेकच्या वरच्या मॉडेलची काच चमक मारणारी नाही, आणि खिडकीशेजारी बसणाऱ्याला ती फार उपयोगी पडते. दोन, अक्षरांचा आकार. पीसीचे बरेच गेम मोठ्या मॉनिटरसाठी आखलेले असतात, सात इंचांवर त्यांची अक्षरं मुंगीएवढी होतात. आवडता गेम घ्या, त्याची सामानाची यादी उघडा आणि हातभर अंतरावरून वाचून बघा.

आवाजाचंही तसंच. पंख्याची घरघर दिवसा जाणवत नाही. रात्री सगळा डबा झोपलेला असताना पंखा आणि बटणांची टकटक दोन्ही शेजाऱ्याला ऐकू जातात. हेडफोनचं ३.५ मिमीचं भोक असलेलं यंत्र घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित मागे पडतो, आणि तालावर खेळायच्या गेममध्ये तेवढा उशीरही खेळ बिघडवतो.

सोबत मूल किंवा जोडीदार असेल तर स्विचसारखे सुटे होणारे कंट्रोलर फार कामाला येतात. एक जॉय-कॉन त्याला, एक आपल्याला, यंत्र समोरच्या ट्रेवर स्टँड लावून उभं. मूळ स्विचचं चार्जिंगचं भोक खाली असल्याने उभं असताना चार्ज करता येत नाही. स्विच २ला वरच्या बाजूलाही एक पोर्ट दिलाय, म्हणून ती अडचण गेली.

पायरी ८: साठवण, केस आणि ऊन

साठवण थोडक्यात. स्विचच्या बऱ्याच गेमना १० ते २० जीबी पुरतात, पीसीचे मोठे गेम १०० च्या पुढे जातात. हातातल्या पीसीसाठी ५१२ जीबी हा माझा किमान आकडा. मायक्रोएसडी कार्डाने जागा वाढवता येते, पण स्विच २ला गेमसाठी मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच लागतं. जुनं कार्ड घातलं तर त्यातून फक्त फोटो आणि व्हिडिओ उतरवता येतात.

केस कडक घ्या, आणि आतमध्ये अंगठ्याने फिरवायच्या स्टिकच्या जागी पोकळी आहे ना ते पाहा. बॅगेत वरून दाब आला की स्टिकवर सतत ताण राहतो, आणि कुणी स्पर्श न करता पात्र आपणहून सरकू लागण्याचा रोग जडायला तेही एक निमित्त पुरतं. स्टिक चुंबकीय पद्धतीच्या, हॉल इफेक्टच्या असतील तर घर्षणाने झिजण्याचा धोका कमी.

बंद गाडीत, उन्हात कन्सोल ठेवू नका. निन्टेंडोने स्विचसाठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस ही मर्यादा सांगितली आहे. काचा लावलेली गाडी उन्हात ती सहज ओलांडते. थंडीतून उबदार खोलीत आल्यावरही यंत्र लगेच सुरू करू नका, केसमध्येच अर्धा तास राहू द्या, म्हणजे आत दव धरत नाही.

मी काय घेईन

रोजच्या ये-जेसाठी स्विच लाइट किंवा खिशातलं जुन्या गेमचं यंत्र. मुलांसोबतच्या प्रवासाला ओलेड स्विच किंवा स्विच २. स्टीमवर गेमचा साठा असलेल्या, लांबचा प्रवास करणाऱ्या माणसाला डोळे मिटून स्टीम डेक ओलेड. त्याहून ताकदवान यंत्रं आहेत, पण झोप, बॅटरी आणि पकड यांचा इतका नीट मेळ मला दुसरीकडे सापडलेला नाही. विंडोजचा हँडहेल्ड फक्त त्यांच्यासाठी, ज्यांचे गेम दुसऱ्या कशावर चालतच नाहीत आणि जे रात्री खोलीत प्लगशेजारी बसून खेळणार आहेत. तेव्हाही ८० वॉट-अवरच्या मॉडेलकडे बघा.

यंत्र घेतल्यावर पहिल्या प्रवासाच्या दोन दिवस आधी घरीच रंगीत तालीम करा. सगळे अपडेट उरकून फ्लाइट मोड लावा, चार्जर काढा, केसमध्ये घाला आणि दोन तास बॅगेत ठेवा. मग बाहेर काढून घरातल्या सगळ्यात अडचणीच्या खुर्चीत बसा, हेडफोन लावा आणि नेणार असलेला प्रत्येक गेम दहा-दहा मिनिटं खेळा. काही अडलं तर दुरुस्त करायला अजून दोन दिवस हातात असतील, आणि वाय-फाय शेजारच्याच खोलीत असेल.